टीम शीटवरचं अकरावं नाव

मेढा,
१५ जानेवारी २०२५

बाई,

नमस्कार आणि सलाम, दोन्ही. काल संक्रांत झाली म्हणून पाकिटात तिळगुळाची पुडीही घातली आहे. पोस्टात तिचा चुरा झाला असेल तर चमच्यानं खा.

पाकीट जाड आहे, कारण आत क्लब बदलण्याच्या अर्जाची प्रत आहे. मूळ अर्ज कराडला, आपल्या कृष्णा-कोयना महिला साखळीच्या कार्यालयात गेला. हंगाम सुरू असताना क्लब बदलायचा तर अर्ज स्वतःच्या हातानं लिहायचा आणि रजिस्टर पोस्टानं पाठवायचा, फोनवरचा फोटो चालत नाही, हे तुम्हीच आम्हांला पहिल्या वर्षी वाचून दाखवलं होतं. तेव्हा आम्ही हसलो होतो. क्लब सोडून जाणार कोण, असं वाटायचं.

सोबत ना हरकत दाखल्याचा कोरा नमुना आहे. इस्लामपूर क्लबची सचिव म्हणून त्याच्यावर तुमची सही हवी. नियम सात मी तीनदा वाचला. नोकरी, शिक्षण किंवा लग्नामुळे गाव बदललं असेल तर हंगामात एकदा क्लब बदलता येतो. अर्ज आणि दाखला ३१ जानेवारीच्या आत पोचले पाहिजेत. आणि गाव बदलल्यानंतर जुन्या क्लबच्या टीम शीटवर खेळाडूचं नाव असता कामा नये. मी ३० डिसेंबरला इथल्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर रुजू झाले. तुमच्याकडून शेवटची खेळले ती २२ डिसेंबरला. म्हणजे माझ्या बाजूनं सगळं स्वच्छ आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही दोन दिवस फोन उचलत नाही. आणि उचलला तरी दोन वाक्यांत मला गुंडाळून ठेवाल, हे मला माहीत आहे. आठवीत खो-खोच्या रांगेतून तुम्ही मला हाताला धरून बाहेर काढलंत, माझी बोटं उलटी-सुलटी करून बघितलीत आणि म्हणालात, "ही फिरकी टाकणार." मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही म्हणाले नव्हते. तेव्हापासून तुमच्यासमोर माझं बोलणं अर्धंच होतं. कागदावर पुरं होतं.

म्हणून पुरं लिहिते. मला या हंगामात खेळायचंय. मागचा हंगाम बोट मोडलं म्हणून गेला. याही वर्षी हंगाम असा अर्ध्यावर सुटला तर पुढच्या वर्षी मी फक्त दवाखान्यात गोळ्या देणारी मुलगी असेन. इथं आताच सगळे मला तसं ओळखतात. मेढ्याच्या क्लबचे तीन सामने राहिलेत. त्यांच्याकडे फिरकी टाकणारं कुणी नाही.

सही करून लगेच पाठवा. अम्मीला सांगा, खोली चांगली आहे, पाणी रोज येतं.

तुमची
आसिया मुजावर


इस्लामपूर,
२० जानेवारी २०२५

प्रिय आसिया,

तिळगूळ चमच्यानंच खाल्ला. गोड होता, पण तीळ जरा जास्त भाजलेत. तू स्वतः केलेला दिसतोय.

तुझे फोन दिसले होते. शाळेत वार्षिक क्रीडा स्पर्धा चालू आहेत, घसा बसलाय. रागावू नकोस.

इकडची बातमी आधी. १२ तारखेला आपण कोयनानगरला त्यांच्याच मैदानावर चार धावांनी जिंकलो. घाटात दोघींना गाडी लागली, समीनाला तर तीनदा. उतरल्या उतरल्या लिंबू चोखत ग्लोव्हज घातले तिनं. त्यांचा डाव चालू होता, सातवं षटक होतं आणि खालून जमीन हलली. फार नाही, पाण्याच्या पिंपावरचं झाकण वाजलं एवढंच. आपल्या सगळ्या पोरी मैदानात पालथ्या पडल्या. त्यांच्या पोरी बॅटला टेकून उभ्याच. त्यांची कॅप्टन म्हणते, "उठा गं, रोजचंच हाय हे. पाव्हण्यांस्नी सलामी देतंय धरण." मग कुणी चहा आणला, कुणी हसत सुटलं आणि त्या हसण्यात त्यांच्या दोन विकेट गेल्या.

आता आपले तीन विजय झाले. शेवटचा सामना उरलाय, ९ फेब्रुवारीला, आपल्याच मैदानावर, नेमका मेढ्याशी. तो जिंकला की फायनल. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आपल्या अध्यक्षा बनुबाईंनी तर मैदानाच्या कडेचा ऊस यंदा दोन सऱ्या मागे घेतला, पोरींना धावायला जागा व्हावी म्हणून. त्यांनी ऊस मागे घेतला म्हणजे काय ते तुला कळेल.

तुझ्या दाखल्याचं मी बघते. पण एक मनातलं बोलू? तू ९ तारखेला सुट्टी टाकून इकडंच ये. एक दिवस. आपल्या टोपीत एकदा फायनल गाठ, मग पुढच्या हंगामात खुशाल मेढ्याकडून खेळ. तुझं नाव क्लबच्या यादीतून काढायचं म्हटलं की हात अडखळतो माझा. तुझा अर्ज मी टेबलाच्या खणात ठेवलाय, टाकून दिलेला नाही. रविवारी समितीची बैठक आहे, तिथं विषय घेईन. घाई करू नकोस.

अख्तरबींना तुझा निरोप दिला. त्या म्हणाल्या, "पानी रोज आता, पन पोरगी रोज जेवती क्या?"

तुझी
पूजा थोरात


मेढा,
२४ जानेवारी २०२५

बाई,

रोज जेवते. अम्मीला सांगा, मेढ्याच्या तांदळासारखा तांदूळ इस्लामपुरात मिळत नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोयनानगरचं वाचून एकटीच हसत बसले, खिडकीसमोरच्या आजोबांना वाटलं मी त्यांच्या खोकल्याला हसतेय. पण बाई, मी सही मागितली होती आणि तुम्ही गोष्ट पाठवलीत.

९ तारखेला मी येणार आहे. मेढ्याच्या गाडीतून उतरणार आहे.

तुम्हांला इथलं थोडं सांगायला हवं, म्हणजे मी हट्ट करत नाही हे कळेल. इथलं मैदान तिरकं आहे. उत्तरेकडून टाकलेला चेंडू डोंगर चढतो, दक्षिणेकडून टाकलेला उतरतो. विकेट मातीची नाही, मॅट अंथरतात. पोरी आठ किलोमीटरवरच्या वाड्यांमधून चालत येतात. क्लब चालवणारे जोतिबा सुभेदार, पलटणीतून निवृत्त होऊन आले. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "मुजावर, किती वर्षांची सर्व्हिस?" मी म्हटलं, दहा. "मग नवीन भरतीला ट्रेनिंग द्यायचं. उद्या सकाळी सहा वाजता रिपोर्ट." मी रिपोर्ट केला. एका पोरीनं विचारलं, "तायडे, बोटं अशी वाकडी कशी व्हत्यात गं?" तिची बोटं मी माझ्या हातात घेतली आणि उलटी-सुलटी करून बघितली. मग एकदम थांबले. बाई, मी तुमच्यासारखीच उभी होते, कमरेवर एक हात ठेवून.

मी तुम्हांला सोडून जात नाहीये. मी इथं आहे. जिथं आहे तिथून खेळायचं, एवढंच.

मी कराडला सचिव विश्वजित सरांना लिहिलंय की दाखला मागाहून येतोय, बाकीचे कागद तपासून ठेवा. आता सात दिवस राहिले. रविवारी बैठक झाली की सोमवारी पाठवा. तुमच्या हाताला अडखळायचं असेल तर सही करून झाल्यावर अडखळू दे.

आसिया


मेढा,
२८ जानेवारी २०२५

बाई,

हे पत्र अब्बांच्या हाती देतेय. ते माझ्यासाठी आमच्या गाद्यांच्या दुकानातली नवी गादी घेऊन आले होते, संध्याकाळच्या गाडीनं परत निघालेत. त्यांना पत्रातलं काही माहीत नाही.

काल कराडहून उत्तर आलं. एका ओळीचं. "खेळाडू आसिया मुजावर यांचे नाव दि. १२ जानेवारीच्या कोयनानगर सामन्याच्या टीम शीटवर इस्लामपूर क्लबकडून अकराव्या क्रमांकावर असल्याने नियम सातनुसार या हंगामात क्लब बदलता येणार नाही."

मी आधी हसले. मग समीनाला फोन केला. ती म्हणाली, "दहाच हुतो आमी. शीट बाईंनी भरलं, मी ओकत हुते." माझी चुलतबहीण आहे ती, खोटं बोलायला तिला जमत नाही हे मला माहीत आहे.

१२ तारखेला, रविवारी, मी दवाखान्यात ड्युटीवर होते. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. हजेरीपटावर माझी सही आहे. त्या पानाची प्रत मी काढून घेतली, साहेबांचा शिक्काही मारून घेतला. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. हा मी कराडला पाठवला तर माझं नाव सुटेल. पण तुमच्या क्लबनं खोटं शीट दिलं, हे माझ्या हातानं शाबीत होईल. नियम चार मलाही पाठ आहे. शीटवर अकरा नावं नसली तर नाणेफेकच होत नाही, सामना समोरच्यांना जातो. म्हणजे तुमचा तो विजय जाईल. आणि तो गेला तर मेढ्याला हरवूनही तुम्ही फायनलला पोचत नाही. मी हिशेब करून बघितलाय.

म्हणून कागद पर्समध्येच ठेवलाय. आधी तुम्हांला विचारते.

तुम्ही माझं नाव का लिहिलंत? आणि मला का सांगितलं नाहीत? मला वाटत होतं तुम्ही रुसलाय. मी तुमची समजूत काढणारी पत्रं लिहीत होते बाई, इथं खोलीत एकटी बसून, खाडाखोड करून. तुम्ही रुसल्या नव्हतात. तुम्ही लपवत होतात.

३१ ची मुदत आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत तुमच्याकडून काही आलं नाही तर मी दोनच्या गाडीनं कराडला जाईन, हे आत्ताच सांगते. मागाहून कळलं असं व्हायला नको.

आसिया


इस्लामपूर,
३० जानेवारी २०२५

आसिया,

कुतुबुद्दीनभाईंनी पत्र घरी आणून दिलं आणि चहाही न घेता गेले. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांना सगळं माहीत आहे. बापाला पाकिटाच्या वजनावरून कळत असावं.

तू का म्हणून विचारलंस. पहिल्या कागदावर मी उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात मी लिहिलं होतं की सवयीनं हात गेला. ते अर्धं खरं आहे. तू दुकान उघडून, अब्बांना डबा देऊन मगच मैदानावर यायचीस, म्हणून कितीतरी वेळा तुझं नाव आधी लिहिलं आणि तू मागून आलीस. दहाव्या षटकापर्यंत पोचलं तरी चालतं, नियमातच आहे. तू एकदाही चुकली नाहीस. त्यामुळे तुझं नाव लिहिताना मला कधी खोटं लिहितेय असं वाटलंच नाही.

पण कोयनानगरला मला माहीत होतं की तू येणार नाहीस. दहा जणी होतो. अंपायर घड्याळ बघत होते. क्लबच्या यादीत पंधरा नावं आहेत, त्यांतलं कुठलंही चाललं असतं. रेश्मा तापानं घरी होती, तिचं लिहिता आलं असतं. ते लिहिलं असतं तर कुणाचंच काही अडलं नसतं. मी तुझं लिहिलं. अकरा जणींच्या यादीत तू शेवटी असलीस की मला ती यादी पुरी वाटते. एवढंच कारण आहे आणि ते कारण म्हणून कुठल्या कागदावर देण्यासारखं नाही.

तुझा अर्ज आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुला बांधून ठेवलंय. मग मी विचार करायला लागले की तू ९ तारखेला आपल्याकडून खेळलीस तर सगळंच झाकलं जाईल. तसं पत्र लिहिलं. ते पत्र आठवलं की मला माझी लाज वाटते, शीटपेक्षा जास्त.

काल संध्याकाळी मैदानावर सगळ्यांना बसवलं आणि सांगून टाकलं. बनुबाईही आल्या होत्या. मग बनुबाई म्हणाल्या, "आगं पूजे, अकरा वर्सं झाली. पैल्यांदा फायनलचा वास आलाय आन् तू नाक दाबून बसतीस व्हय? समदेच क्लब लिवत्यात. गप ऱ्हा की म्हैनाभर!"

मी म्हटलं, "आवं बाई, त्या पोरीचा हंगाम जातोय."

"एकीचा हंगाम आन् हितं चौदा जणी बसल्यात्या. मोज."

समीना म्हणाली, "मोजायचं काय त्यात? आसियाकडं हजेरीचा कागद हाय. कवाच पाठवला असता. तिनं आदी बाईंना इचारलं."

"मग काय वाजत-गाजत आनू तिला?" रेश्मा उठलीच. "माजं मे मध्ये लगीन हाय. मला फुडला हंगाम कुठला? न्हवरा खेळाय पाठवील असं लिवून दिलंय का कुनी?" तिच्याकडं बघायची मला हिंमत होईना. ती तशीच उभी राहिली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, एक सांगा. मी तापानं पडले हुते, क्लब सोडून गेले न्हवते. मग माजं नाव का न्हाई लिवलं?"

मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "त्ये कळलं," आणि पॅड उचलून निघून गेली. बाकीच्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांतल्या कितीजणींच्या मनात तोच प्रश्न असेल, हे मला पहिल्यांदा दिसलं. तुला जीव लावताना तो बाकीच्यांना दिसत नाही, असं मी धरून चालले होते.

मतदान घेतलं नाही. घेतलं असतं तर मी हरले असते आणि मग माझी चूक मी त्यांच्या अंगावर टाकली असती. शीट मी भरलं होतं. पत्रही मीच लिहिलं. त्याची नक्कल सोबत ठेवते.

"मा. सचिव, कृष्णा-कोयना महिला क्रिकेट साखळी, कराड. दि. १२ जानेवारीच्या सामन्यात आमच्या क्लबचे दहाच खेळाडू हजर होते. अकराव्या क्रमांकावर आसिया मुजावर यांचे नाव मी लिहिले. त्या गावात नव्हत्या आणि येणारही नव्हत्या, हे मला ठाऊक होते. त्यांना किंवा संघातील कोणाला याची कल्पना नव्हती. नियमानुसार सामन्याचा निकाल बदलावा, ही विनंती. आसिया मुजावर यांना क्लब बदलण्यास आमची हरकत नाही. पूजा थोरात, सचिव."

शेवटच्या दोन वाक्यांवर मला वाटलं होतं तेवढा हात अडखळला नाही.

उद्या शाळेतून अर्धी रजा टाकून मी स्वतः कराडला जाऊन हे देते. तू दोनची गाडी पकडू नकोस. तुझा कागद पर्समध्येच राहू दे. माझ्या हातानं झालेलं माझ्या हातानं मिटू दे.

पूजा थोरात


मेढा,
४ फेब्रुवारी २०२५

बाई,

तुमचं पत्र १ तारखेला पोचलं. खरं सांगते, ३१ ला मी गाडीच्या वेळेला स्टँडवर जाऊन उभी राहिले होते. तेवढ्यात विश्वजित सरांचा फोन आला, "तुमच्या बाई समोर बसल्यात, दाखला मिळाला." मी स्टँडवरच्या बाकावर बसून उसाचा रस प्यायले. एकटीनं दोन ग्लास.

आज निकालाचं पत्र आलं. माझं नाव मेढ्याच्या यादीत चढलं. तुमचा कोयनानगरचा विजय गेला. आणि या हंगामात इस्लामपूरच्या टीम शीटवर तुमची सही चालणार नाही, हेही लिहिलंय. ते वाचून सुभेदारांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या बाईंनी गलती केली आणि स्वतः पेशीला उभ्या राहिल्या. अशा अफसरच्या हाताखाली मी पण राहिलो असतो." आणि लगेच, "मुजावर, उद्या सहा वाजता."

मी तुमचे आभार मानत नाही. मानले तर असं वाटेल की तुम्ही मला काहीतरी दिलंत. माझं होतं ते माझ्याकडे आलं. पण त्याची किंमत रेश्मानं भरली, हे मला कळतंय आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. तिला वेगळं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. समीना म्हणते, तिनं ते वाचून बॅटच्या कव्हरमध्ये ठेवलंय. फाडलं नाही हेच खूप.

तुमच्यावरचा राग अजून थोडा आहे. पहिल्या पत्रात खरं लिहिलं असतंत तर कदाचित मीच म्हणाले असते, राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही मला तेवढीही संधी दिली नाहीत. आता वाटतं, बरं झालं. मी म्हणाले असते आणि आयुष्यभर ते तुमच्याकडून वसूल करत बसले असते.

९ तारखेला भेटूच. आधीच सांगते, मी कुणाला सोपा चेंडू टाकणार नाही. समीनाला नाही, रेश्मालाही नाही. दया दाखवलेली तिला सगळ्यांत जास्त लागेल.

आसिया


इस्लामपूर,
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आसिया,

सामना संपल्यावर गर्दीत तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. तुमची गाडी लगेच निघाली आणि मला स्टंप आणि झेंडे गोळा करायचे होते. म्हणून हे.

शीट त्या दिवशी रेश्मानं भरलं. मीच तिच्यापुढं पेन धरलं. तिनं ते घेतलं, नाव लिहायच्या आधी एकेका पोरीकडं बोट करून मोजलं आणि मग लिहिलं. स्वतःचं पहिलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "समद्या हजर हायती. बघून घ्या." मी बघून घेतलं. ती माझ्याशी अजून मोजकंच बोलते. सरावाला मात्र येते, आणि सगळ्यांच्या आधी येते. बनुबाई बोलतच नाहीत. रोलर त्यांच्या गोठ्यात आहे, तो मागायला मी समीनाला पाठवते. काल त्यांनी समीनाला विचारलं म्हणे, "तुजी बाई जिती हाय न्हवं?" म्हणजे आठ-पंधरा दिवसांत बोलतील.

फायनल परवा आहे. आपण नाही. हे मला रोज एकदा टोचतं आणि टोचायला हवं. मी ते सहन करायला शिकतेय असं म्हणणार नाही. पण रात्री झोप लागते. जानेवारीत लागत नव्हती.

आता तुझ्या गोलंदाजीबद्दल.

शीटवर सही नसल्यामुळे मला त्या दिवशी काही कामच नव्हतं. खुर्ची घेऊन यष्टिरक्षकाच्या मागं, सीमारेषेबाहेर जाऊन बसले. दहा वर्षं मी तुला पाठीमागून बघितलंय, सरावाला तुझ्या खांद्याशी उभी राहून. हात कसा येतो, मनगट कुठं वळतं, पाऊल कुठं पडतं, हे मला झोपेत सांगता येईल. पण फलंदाजाला काय दिसतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. समोरून पहिल्यांदा बघितलं. तुझा चेंडू सरळ येतोय असं वाटतं, पार शेवटपर्यंत वाटतं, बॅट पुढं येते आणि तेव्हा तो थोडासा बाहेर सरकतो. वीतभर नाही, दोन बोटं. समीना त्यावरच यष्टिचीत झाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. माझ्याही. हा चेंडू मी तुला शिकवलेला नाही. कधी शिकलीस? मागच्या वर्षी बोट मोडल्यावर ते सरळ बसलं नाही, त्यानं होतंय का? की तिथल्या तिरक्या मैदानावर सापडला?

चार विकेट. रेश्मानं तुला दोन चौकार मारले आणि शेवटपर्यंत बाद झाली नाही, हेही मी लिहून ठेवलंय. तिला तुझा तो चेंडू निम्म्या वेळा तरी कळत होता. ती पाय पुढं टाकतच नव्हती, क्रीजमध्ये थांबून उशिरा खेळत होती. आपण नऊ धावांनी हरलो. दुसऱ्या टोकाला कुणी टिकलं असतं तर हरलो नसतो.

मंगळवारी सरावाला मी रेश्माला म्हटलं, "ये, सगळ्यांना दाखव तू कसं खेळलीस ते." ती म्हणाली, "मी का? तुमी हाय की." मी म्हटलं, "मला नाही कळत गं तो चेंडू. तुला कळतोय." ती थोडा वेळ बॅटनं माती टोकरत राहिली. मग पॅड बांधले. आठ पोरींना तिनं एकेक करून क्रीजमध्ये उभं केलं आणि मी खांदा दुखेपर्यंत तुझ्यासारखं टाकायचा प्रयत्न करत होते. माझा चेंडू बाहेर सरकत नाही. पण पोरी उशिरा खेळायला लागल्यात.

मे मध्ये तिचं लग्न आहे, कराडजवळच द्यायचीय. मुलगा सैन्यात आहे. मी त्याला भेटून आले. म्हटलं, नियम सात वाचलाय का? त्यानं वाचला नव्हता. त्याच्यासाठी एक प्रत ठेवून आलेय. लग्नानं गाव बदललं तर दाखला मी त्याच दिवशी देईन, सही करून, हे त्याच्या आईसमोर सांगितलं. त्यांनी हो म्हटलेलं नाही. पण तो कागद त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवला, आणि मला निरोप द्यायला तो फाटकापर्यंत आला.

पुढचा हंगाम डिसेंबरात. मेढ्याला तुमच्या त्या तिरक्या मैदानावर आम्ही येऊ तेव्हा तुझ्या त्या चेंडूचं उत्तर आमच्याकडं असेल. तोवर तो बदलू नकोस.

तुझी
पूजाबाई